श्रोणीतील नीला : रक्ताची परतीची वाट

सुश्रुताने आपल्या संहितेच्या शारीरस्थानात शिरांचे वर्णन करताना एक मोठा समर्पक दृष्टान्त दिला आहे. पाटाच्या पाण्याने बाग जशी भिजते आणि लहान लहान सारणींनी शेत जसे ओलावते, तसे हे शरीर सातशे शिरांच्या योगाने पोसले जाते, असा त्याचा आशय आहे. शव वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग त्याचा एकेक थर अलगद सोडवून आतली रचना डोळ्यांनी पाहावी, असा पाठ ज्याने घालून दिला, त्याच शल्यवेत्त्याची ही उपमा. परंतु शेतीचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या उपमेत एक उणीव जाणवल्यावाचून राहणार नाही. शेताला पाणी पाजले म्हणजे निम्मे काम झाले. पाण्याचा निचरा होणे हे उरलेले निम्मे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी दुष्काळी मुलखात खेळू लागले, तेव्हा उसाचे मळे उभे राहिले खरे. पण काही वर्षांतच सखल भागातील कित्येक जमिनी पाणथळ आणि खारवट झाल्या. पाणी आणणारे पाट होते, पाणी बाहेर नेणारे चर नव्हते. पुढे निचऱ्याचे चर खणावे लागले, तेव्हा कोठे त्या जमिनींपैकी काही पुन्हा हाताशी आल्या.

मानवी शरीरातील रक्ताचीही हीच कथा आहे. हृदयापासून निघून अवयवांकडे जाणारी वाहिनी म्हणजे रोहिणी, आणि अवयवांकडून हृदयाकडे परतणारी ती नीला. रोहिणीचा मान मोठा. तिची नाडी मनगटावर लागते, वैद्य ती पाहतो, कवी तिच्यावर रूपके रचतो. नीला बिचारी मुकी. तिला ठोका नाही, तिच्या भिंती पातळ, तिच्यातील दाब अल्प. वस्तुतः माणूस स्वस्थ असताना त्याच्या एकूण रक्तापैकी सुमारे दोन तृतीयांश रक्त कोणत्याही क्षणी नीलांमध्ये असते. म्हणजे नीला ही नुसती परतीची वाट नव्हे; ती शरीराची कोठीही आहे. आणि या कोठीचा सर्वांत गुंतागुंतीचा, सर्वांत सोशिक आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित असा दालनसमूह श्रोणीत, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या हाडांच्या पोकळीत, वसलेला आहे.

श्रोणीची घडण एखाद्या तळ नसलेल्या तसराळ्यासारखी आहे. दोन बाजूंना खुब्याची रुंद हाडे, मागे त्रिकास्थी आणि त्याच्या टोकाला माकडहाड. या तसराळ्यात पुढे मूत्राशय, मागे मलाशय आणि स्त्रीच्या शरीरात त्या दोहोंमध्ये गर्भाशय, अशी अवयवांची दाटी असते. पायांकडून वर येणारे सारे रक्त याच खोऱ्यातून जाते. मांडीतील मोठी नीला जांघेपाशी पोटात शिरली, की तिला बाह्य श्रोणिनीला म्हणतात. श्रोणीतील अवयवांचे, नितंबांचे आणि गुह्यभागाचे रक्त गोळा करणारी ती आंतर श्रोणिनीला. या दोघींचा संगम होऊन प्रत्येक बाजूस एकेक सामान्य श्रोणिनीला तयार होते. आणि कमरेच्या पाचव्या मणक्यापाशी, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे, डावी आणि उजवी अशा दोन्ही सामान्य नीला मिळून अधोमहानीला ही शरीरातील सर्वांत मोठी नीला जन्म घेते. तेथून ती पाठीच्या कण्याच्या उजव्या अंगाने यकृतामागून हृदयाकडे चढते.

ही चढण सोपी नाही. माणूस दोन पायांवर उभा राहिला, त्या दिवसापासून त्याच्या पायांतील रक्तावर चार फूट उंच चढण्याचे काम पडले. स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळील नीलेत सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. तो चालू लागला, की पोटऱ्यांचे स्नायू नीलांना पिळतात, रक्त वर ढकलले जाते आणि दाब झपाट्याने उतरतो. वर ढकललेले रक्त खाली घसरू नये म्हणून पायांच्या नीलांत ठिकठिकाणी झडपा असतात. इटलीतील पादुआ येथील शारीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने या झडपांचे सचित्र वर्णन १६०३ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु त्यांचे खरे मर्म त्याला उमगले नाही. रक्त अवयवांकडे फार वेगाने धावू नये, हातापायांत साचू नये, एवढ्यासाठी त्या आहेत असे तो समजला. ते मर्म उमगले त्याचा इंग्रज शिष्य विल्यम हार्वी याला. १६२८ मध्ये हार्वीने रक्ताभिसरणावरील आपला छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला. रक्त वर्तुळाकार फिरते ही कल्पना प्रथम कशी सुचली, असे रॉबर्ट बॉइल याने त्याला वार्धक्यात विचारले असता, नीलांतील झडपांची तोंडे सर्वत्र हृदयाकडेच उघडतात हे पाहून सुचली, असे त्याने सांगितल्याचे बॉइलने नमूद केले आहे. आधुनिक वैद्यकाचा पाया रोहिणीच्या ठोक्यावर नव्हे, तर नीलेच्या झडपेवर रचला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

पण येथेच एक चमत्कार आढळतो. पायांकडून वर जावे तसतशा झडपा विरळ होत जातात. बाह्य श्रोणिनीलेत एखादी झडप काही जणांत असते, काही जणांत नसते. सामान्य श्रोणिनीलांत आणि अधोमहानीलेत ती बहुधा नसतेच. श्रोणीतील अवयवांभोवतीच्या लहान नीलांतही झडपांची वाण आहे. ज्या ठिकाणी रक्ताला आधार हवा, त्याच ठिकाणी तो नसावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. मग तेथून रक्त पुढे सरकते तरी कसे? एक तर मागून पायांच्या स्नायूंचा रेटा असतो. दुसरे, श्वासोच्छ्वासाचा भाता अखंड चालू असतो; श्वास घेताना छातीतील दाब उतरतो आणि पोटातील दाब वाढतो, त्यामुळे पोटातील रक्त छातीकडे ओढले जाते. तिसरे आणि महत्त्वाचे कारण म्हणजे श्रोणीतील नीलांची विशिष्ट मांडणी.

या नीला एकेकट्या वाहत नाहीत. प्रत्येक अवयवाभोवती त्यांचे जाळे विणलेले असते. मूत्राशयाभोवती एक, मलाशयाभोवती एक, गर्भाशयाच्या दोन्ही कडांना एकेक, पुरुषाच्या शरीरात अष्ठीला ग्रंथीभोवती एक, अशी ही नीलाजाले एकमेकांत मिसळलेली असतात. कोकणातील खाडीत भरतीचे पाणी जसे एका फाट्याने तुंबले तर दुसऱ्या फाट्याने वाट काढते, तसेच येथे घडते. याचे कारण उघड आहे. श्रोणीतील अवयव स्थिर नाहीत. मूत्राशय दिवसातून अनेकदा भरतो आणि रिता होतो. मलाशयाचीही तीच गत. गर्भाशय तर मुठीएवढ्या आकारापासून बरगड्यांच्या पायथ्याला टेकेपर्यंत वाढतो. अशा सतत फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या शेजारात ताठ नळी टिकली नसती. तेथे मऊ, लवचिक, अनेक वाटांनी जोडलेली, दोन्ही दिशांना वाहू शकणारी अशीच वाहिनी हवी. श्रोणीतील नीलांचे सारे सामर्थ्य या मोकळिकीत आहे. आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे त्यांचे सारे संकटही या मोकळिकीतच आहे.

सामर्थ्याचा कस लागतो तो गर्भारपणात. त्या काळात स्त्रीच्या रक्ताचे एकूण प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. दिवस भरत येतात तेव्हा केवळ गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लीटर किंवा त्याहून अधिक रक्त वाहत असते, आणि तेवढेच रक्त त्याच मिनिटात परत न्यावे लागते. हे काम गर्भाशयाच्या आणि अंडाशयाच्या नीला करतात. त्या कित्येक पटींनी रुंदावतात. प्रसूतीनंतर वार सुटली, की तिच्या जागी असंख्य रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. त्या क्षणी गर्भाशयाचे आडवेउभे विणलेले स्नायुतंतू आकुंचन पावतात आणि त्यांच्या फासांत या वाहिन्या आवळल्या जातात. हे आकुंचन वेळेवर न झाले, तर काही मिनिटांत प्राणावर बेतते. प्रसूतीनंतर सुईण किंवा डॉक्टर पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट झाला की नाही हे पुनःपुन्हा पाहतात, ते याचसाठी.

मराठीत वामकुक्षी हा शब्द जेवणानंतरच्या घटकाभर विश्रांतीसाठी रूढ आहे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात डाव्या कुशीला एक निराळाच शारीरिक आधार मिळतो. अधोमहानीला कण्याच्या उजव्या अंगाला असल्यामुळे स्त्री उताणी निजली, तर जड झालेला गर्भाशय तिच्यावर दाब देतो; हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि काही स्त्रियांना घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, नाडी मंदावते. १९५३ मध्ये अमेरिकेतील हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेचे पद्धतशीर वर्णन केले. उपाय मात्र अगदी साधा आहे. तिला कुशीवर, विशेषतः डाव्या कुशीवर वळवले, की बहुधा क्षणार्धात तरतरी येते. अडलेला चर मोकळा झाला, एवढेच घडलेले असते.

पुरुषाच्या शरीरातही या नीलांनी चातुर्याचे एक काम पत्करलेले आहे. वृषणाकडून वर येणाऱ्या नीलांचे जाळे द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखे रोहिणीला बिलगलेले असते, आणि शारीरशास्त्रात या जाळ्याला लॅटिनमध्ये दिलेल्या नावाचा अर्थही द्राक्षवेलीच्या तणाव्यासारखे असाच आहे. खाली उतरणाऱ्या रोहिणीतील उष्ण रक्ताची ऊब वर चढणाऱ्या नीलांतील थंड रक्त वाटेतच काढून घेते आणि वृषण उर्वरित शरीराहून थोडे थंड राहते. बीजोत्पत्तीला ते आवश्यक असते. पुढे डावीकडची वृषणनीला थेट अधोमहानीलेला न मिळता डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेला जवळजवळ काटकोनात मिळते. उजवीकडची मात्र अधोमहानीलेला तिरकस मिळते. हा लहानसा भेद मोठा परिणाम घडवतो. नीला फुगून वृषणापाशी गाठोळे होण्याचा विकार बहुतेक वेळा डाव्या बाजूला आढळतो, आणि पुरुषांतील वंध्यत्वाच्या तपासणीत तो पाहिला जातो. स्त्रियांच्या अंडाशयाच्या नीलांची मांडणीही हीच आहे. ही गोष्ट येथे लक्षात ठेवणे इष्ट, कारण तिचा संदर्भ पुढे यावयाचा आहे.

अष्ठीला ग्रंथीभोवतीच्या नीलाजालाला अठराव्या शतकातील व्हेनिसचा शारीरशास्त्रज्ञ सँटोरिनी याचे नाव आहे. शल्यचिकित्सकांना या जाळ्याचे भय दीर्घकाळ वाटत असे. या ग्रंथीच्या कर्करोगासाठी ती संपूर्ण काढून टाकताना हे जाळे फाटले, की शस्त्रक्रियेचे क्षेत्र रक्ताने भरून जाई आणि चिकित्सकाला काही दिसेनासे होई. १९७९ मध्ये पॅट्रिक वॉल्श आणि त्यांच्या सहकाऱ्याने या नीलांची नेमकी मांडणी दाखवून त्या आधीच कशा बांधाव्यात हे सांगितले. रक्तस्राव आटोक्यात आला, तेव्हा त्याच जागी आजवर न दिसलेले सूक्ष्म मज्जातंतू दिसू लागले; आणि १९८२ पासून ते वाचवून शस्त्रक्रिया करणे शक्य झाले. नीलांचा नकाशा नीट कळला, म्हणून मज्जातंतू वाचले.

आता त्या मोकळिकीची दुसरी बाजू. ज्या वाटेवर दार नाही, त्या वाटेने पाहुणाही येतो आणि चोरही येतो. अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग पसरतो तेव्हा तो पुष्कळदा कमरेच्या मणक्यांत आणि श्रोणीच्या हाडांत उतरतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत होते. कोडे असे होते, की रक्तातून वाहत जाणारी रोगपेशी हृदयाच्या वाटेने प्रथम फुप्फुसांत अडकावयास हवी. मग कित्येक रुग्णांची फुप्फुसे निर्मळ असताना ती कण्यात कशी पोहोचते? अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये याचे उत्तर सुचवले. श्रोणीतील नीलांत क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य सोडून त्यांनी त्याचा माग काढला. ते द्रव्य अधोमहानीलेतूनच जाते असे नव्हे, तर कण्याभोवतीच्या झडपरहित नीलाजालातही शिरते, असे त्यांना आढळले. माणूस खोकला, कुंथला किंवा त्याने जड ओझे उचलले, की पोटातील दाब वाढतो आणि श्रोणीतील रक्त या आडवाटेने कण्याकडे वळते. कण्याभोवतीच्या या नीलांचे वर्णन ब्रेशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने शंभरावर वर्षांपूर्वीच केले होते. त्यांचे कार्य मात्र तोवर फारसे कोणी विचारात घेतले नव्हते. रोग पसरण्याची ही एकमेव वाट नव्हे, हे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले आहे. तथापि उतारवयातील पुरुषाला लघवीचा त्रास असेल आणि त्याबरोबर न हटणारी पाठदुखी जडली असेल, तर ती वयाच्या माथी मारून मोकळे होऊ नये, एवढा बोध या संशोधनातून सर्वांनी घेण्यासारखा आहे.

मलाशयाच्या ठिकाणी आणखी एक संगम आहे. तेथील वरच्या भागाचे रक्त प्रवेशिनी नीलेतून यकृताकडे जाते आणि खालच्या भागाचे आंतर श्रोणिनीलेकडे. यकृत कठीण होऊन तिकडची वाट बंद पडली, तर रक्त उलट फिरून या संगमावरून श्रोणीकडे उतरते. मूळव्याध म्हणजे या ठिकाणच्या फुगलेल्या नीला, असे पुष्कळ काळ मानले जात असे. १९७५ मध्ये थॉमसन यांनी दाखवून दिले, की गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्या आणि स्नायू यांच्या मऊ गाद्या प्रत्येक निरोगी माणसात असतातच, आणि त्या घसरून खाली आल्या म्हणजे मूळव्याध होते. सुश्रुताने अर्शाच्या प्रकरणात गुदाच्या तीन वळ्या नावानिशी सांगून मगच रोगाचे वर्णन केले आहे. आधी निरोगी रचना जाणावी आणि मग विकार ओळखावा, हा क्रम जुनाच आहे. तो मधल्या काळात सुटला होता, इतकेच.

रक्त संथ झाले, की ते गोठते. वाहिनीच्या भिंतीला इजा, प्रवाहाची मंदता आणि रक्ताचीच गोठण्याची प्रवृत्ती या तीन कारणांची जी त्रयी सांगितली जाते, ती जर्मन शास्त्रज्ञ रूडोल्फ फिर्खो याच्या नावाने ओळखली जाते. पायात किंवा श्रोणीत धरलेली गुठळी सुटून फुप्फुसाच्या रोहिणीत जाऊन अडकते, आणि चांगला हिंडता-फिरता माणूस काही क्षणांत कोसळतो, याचा उलगडाही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यानेच केला. गुठळ्या डाव्या पायात अधिक होतात, हेही त्याच्या ध्यानात आले होते. याचे कारण श्रोणीच्या मुखाशीच आहे. डाव्या सामान्य श्रोणिनीलेला उजवीकडे जावयाचे असल्यामुळे ती उजव्या बाजूच्या रोहिणीच्या खालून जाते. वर ठोके देणारी रोहिणी आणि खाली कण्याचे हाड, या दोहोंच्या चिमटीत ती सापडते. १९५७ मध्ये मे आणि थर्नर या संशोधकांनी ४३० शवांची तपासणी करून त्यांपैकी २२ टक्के शवांत या ठिकाणी नीलेच्या आतील भिंतीवर दाबाने उत्पन्न झालेले पडदे किंवा कंगोरे असल्याचे नोंदले. ज्यांना ही अडचण आहे त्यांपैकी पुष्कळांना आयुष्यभर तिचा पत्ताही लागत नाही. पण अंथरुणाला खिळणे, मोठी शस्त्रक्रिया किंवा प्रसूती यांची भर पडली, की अर्धवट मिटलेली वाट पुरती बंद होते.

१९४० मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव चालू असताना लोक भुयारी आसऱ्यांत रात्र रात्र बसून काढीत. कापडी खुर्चीची लाकडी कड मांडीखाली रुतलेली आणि पाय लोंबते. बॉम्बपासून वाचलेली यांतील काही माणसे सकाळी उठून चालू लागताच गुठळीने दगावली, अशी नोंद कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक तज्ज्ञाने त्याच वर्षी केली. पुढे शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दिवसेंदिवस निश्चल निजवून ठेवण्याची रीत मागे पडली आणि त्याला लवकर उठवून चालवण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली, त्यामागे अशाच अनुभवांचा साठा आहे.

याचा संबंध मराठी घरांतील एका जुन्या रीतीशी पोहोचतो. बाळंतिणीला सव्वा महिना बाजेवर विश्रांती द्यावी, हा रिवाज मूळचा ममतेचा आहे. एरवी पहाटेपासून राबणाऱ्या सुनेला कामातून हक्काची सुटका देणारे ते दिवस. त्या विश्रांतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे म्हणजेच जवळजवळ तो सव्वा महिना, आणि स्त्रीच्या आयुष्यात नीलांत गुठळी होण्याचा धोका सर्वाधिक असतो तोही याच काळात. रक्तस्राव थांबावा म्हणून निसर्गाने तिचे रक्त चटकन गोठणारे केलेले असते, आणि रुंदावलेल्या नीला पूर्ववत व्हावयाच्या असतात. तेव्हा विश्रांती ही कामापासून असावी, हालचालीपासून नव्हे. घरातल्या घरात चालावे, पाय हलवावेत, पाणी पोटभर प्यावे. एकच पाय सुजला, पोटरी किंवा मांडी दुखू लागली, अकस्मात धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर शेक-शेगडीची वाट न पाहता तिला तत्काळ रुग्णालयात न्यावे. पाय चोळून देणे तर कटाक्षाने टाळावे.

अपघाताच्या प्रसंगीही या नीलांचे ज्ञान उपयोगी पडते. श्रोणीचे हाड मोडले, की आत होणारा रक्तस्राव बहुतेक वेळा नीलांतून आणि मोडलेल्या हाडांतून होतो. बाहेर थेंब दिसत नाही आणि आत काही लीटर रक्त साचते. मात्र नीलांतील दाब कमी असल्यामुळे बाहेरून आवळल्याने तो स्राव रोखण्यास मदत होते. म्हणूनच प्रथमोपचारात खुब्याच्या सांध्यांच्या पातळीवर, कंबरेवर नव्हे, रुंद पट्टा किंवा घडी केलेली चादर घट्ट गुंडाळण्यास शिकवतात. जखमीला उठवून बसवू नये, पाय फाकवू नयेत आणि विलंब लावू नये.

शेवटी एका मूक दुखण्याविषयी. दोन-तीन मुले झालेल्या कित्येक स्त्रियांना ओटीपोटात एक जड, ओढ लागल्यासारखी वेदना महिनोन्‌महिने छळत असते. सकाळी ती नसते. उभ्याने स्वयंपाक, पाणी भरणे, शेतातली लावणी, कारखान्यातील किंवा शाळेतील उभे काम, असा दिवस चढत जातो तशी ती वाढते आणि रात्री पाठ टेकली की उतरते. तपासणीत काही सापडत नाही. मग घरचे म्हणतात, हिला कामाचा कंटाळा आहे; आणि वैद्यकानेही कित्येकदा तेच अधिक सभ्य शब्दांत सांगितले आहे. १९४९ मध्ये न्यूयॉर्कचे हॉवर्ड टेलर यांनी श्रोणीतील रक्तसंचय आणि ही वेदना यांचा संबंध विस्ताराने मांडला. परंतु त्यामागे मानसिक ताणाचा वाटा असावा असेही मत त्यांनी दिल्यामुळे, दुखणे मनाचे आहे हा समज सहजी हटला नाही. १९८४ मध्ये लंडनच्या बिअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दुर्बिणीच्या तपासणीत निर्दोष ठरलेल्या अशाच स्त्रियांच्या नीलांत द्रव्य सोडून क्ष-किरणांची चित्रे घेतली. त्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांच्या नीला फुगलेल्या होत्या आणि त्यांतील द्रव्य रेंगाळत होते. गर्भारपणात रुंदावलेल्या अंडाशयाच्या नीलांच्या झडपा निकामी झालेल्या, आणि रक्त वर जाण्याऐवजी खाली श्रोणीत उतरत असलेले. येथेही डावी बाजूच अधिक अपराधी. काटकोनात मिळणारी ती नीला येथे आठवावी.

ही गोष्ट इतका काळ दृष्टीआड का राहिली? कारण अगदी साधे आहे. शवविच्छेदनाच्या टेबलावर देह आडवा असतो. तपासणीच्या टेबलावर रुग्ण स्त्री आडवी असते. शस्त्रक्रियेच्या टेबलावरही ती आडवीच असते, आणि कित्येकदा डोक्याकडची बाजू उतरती केलेली असते. नीला मऊ असतात. देह आडवा झाला, की त्या रित्या होतात. दिवसभर जिने छळले ती वेदनेची खूण, डॉक्टरांपुढे निजताच पुसली जाते. स्त्री खोटे बोलत नव्हती. तिला विचारण्याची रीतच अपुरी होती. अर्थात फुगलेल्या नीला दिसल्या म्हणजे वेदना त्यांचीच, असेही नाही. कसलीही तक्रार नसलेल्या कित्येक स्त्रियांतही त्या आढळतात, आणि ओटीपोट दुखण्याची दुसरी पुष्कळ कारणे आहेत. ती आधी शोधावी लागतात. परंतु आज ध्वनिलहरींच्या यंत्राने उभ्या स्थितीत आणि श्वास रोखून धरून नीलांतील उलटा प्रवाह पाहता येतो. आणि १९९३ पासून, पोट न फाडता, बारीक नळीच्या वाटेने सदोष नीला बंद करण्याचे उपचारही होऊ लागले आहेत. प्रत्येकीला त्यांची गरज पडेल असे नव्हे. पण दुपारपर्यंत वाढणारे आणि निजल्यावर उतरणारे दुखणे तिने त्याच शब्दांत सांगावे आणि ऐकणाऱ्याने ते त्याच शब्दांत लिहून घ्यावे, ही गरज मात्र प्रत्येकीची आहे.

नीरेच्या खोऱ्यातील जमिनी खारवटल्या, तेव्हा दोष पाण्याचा नव्हता आणि मातीचाही नव्हता. निचऱ्याचा विचार कोणी केला नव्हता, हा दोष होता. शरीराच्या तळाशी असलेले हे नीलांचे खोरे असेच आहे. ते जीव वाढवते, ओझे सोसते, एक वाट बंद झाली तर दुसरी काढते आणि कुरकुर करते ती फार उशिरा, फार हळू आवाजात. तो आवाज ऐकावयाचा तर त्याला मान द्यावा लागेल. नाडी पाहणारा हात जितका जुना आहे, तितकाच जुना दुसरा एक गुण वैद्याच्या अंगी असावा लागतो, आणि घरातल्या माणसांच्याही. तो म्हणजे, जे हाताला लागत नाही, त्याविषयी दुखणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे.